वॉर्डातील डॉक्टर

ग्वाल्हेर हे नाव घेतले की आपल्यापुढे काही गोष्टी हमखास उभ्या राहतात. तो प्रचंड किल्ला, तानसेनाची समाधी, झाशीच्या राणीचे अखेरचे रणांगण आणि मराठीच्या तासाला भेटलेले राजकवी भा. रा. तांबे. १८१० च्या सुमारास दौलतराव शिंद्यांच्या फौजेने जिथे तळ ठोकला त्या भागाला आजही 'लष्कर' असेच म्हणतात आणि तिथल्या जुन्या गल्ल्यांतून मराठी अजूनही कानी पडते. माझी मावशी लग्न होऊन तिकडे गेली, म्हणून सुट्टीत माझे तिथे जाणे होते. परंतु या लेखात मला किल्ल्याविषयी लिहायचे नाही. रुग्णालयात दाखल झालेल्या माणसाची रात्रंदिवस काळजी वाहणारा जो डॉक्टर असतो, त्याच्याविषयी लिहायचे आहे. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने या विषयात नाक का खुपसावे, असे आमचे विज्ञान शाखेचे मित्र विचारतील. त्याचे उत्तर पुढे ओघाने येईलच.

ग्वाल्हेरचे सर्वांत मोठे सरकारी रुग्णालय म्हणजे जयारोग्य रुग्णालय. लष्करातील कंपू या भागात ते आहे. जयाजीराव शिंद्यांचे नाव त्याला दिलेले असून माधवराव शिंद्यांच्या कारकिर्दीत, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ते उभे राहिले. बाह्यरुग्ण विभागाला 'माधव डिस्पेन्सरी' म्हणतात, तर स्त्रिया व मुले यांच्यासाठी कमलाराजा रुग्णालय आहे. १९४६ साली या रुग्णालयाच्या जोडीला गजराराजा वैद्यकीय महाविद्यालय निघाले. आजच्या मध्य प्रदेशातील हे पहिले वैद्यकीय महाविद्यालय मानले जाते. गजराराजा म्हणजे जिवाजीराव शिंद्यांच्या मातोश्री आणि कमलाराजा म्हणजे त्यांच्या भगिनी. अलीकडे येथे हजार खाटांची नवी इमारतही झाली आहे. मोरेना, भिंड, श्योपूर, शिवपुरी, दतिया आणि पलीकडे राजस्थानातील धौलपूर, एवढ्या मोठ्या मुलखातील रोगी इथे येतात. उन्हाळ्यात उष्माघाताचे, पावसाळ्यात सर्पदंशाचे, पावसाळा सरता सरता डेंग्यूचे.

आता असा एखादा रोगी दाखल झाला की त्याला कोण पाहते? आपण म्हणू, "मोठे डॉक्टर." पण मोठे डॉक्टर दिवसाचे चोवीस तास खाटेशेजारी बसू शकत नाहीत. आपल्या देशातील शिक्षण देणाऱ्या रुग्णालयांनी यावर एक जुनी व्यवस्था बसवली आहे. तिला 'युनिट' म्हणतात. मेडिसिन विभागाची काही युनिटे पाडलेली असतात. प्रत्येक युनिटाकडे साधारण तीस खाटा, एक प्रमुख प्राध्यापक, त्यांच्या हाताखाली एक-दोन शिक्षक, सीनियर रेसिडेंट आणि एम.डी. करणारे पहिल्या, दुसऱ्या व तिसऱ्या वर्षाचे ज्युनियर रेसिडेंट. आठवड्यातील ठरावीक दिवस त्या युनिटाचा भरतीचा दिवस. त्या दिवशी व त्या रात्री जो कोणी दाखल होईल तो त्या युनिटाचा रोगी. घरी जाईपर्यंत त्याचे उत्तरदायित्व त्यांचेच.

'रेसिडेंट' या शब्दाचा अर्थच मुळी राहणारा. अमेरिकेत बाल्टिमोर शहरी १८८९ साली जॉन्स हॉपकिन्स रुग्णालय सुरू झाले. तेथील पहिले मुख्य फिजिशियन विल्यम ऑस्लर यांनी विद्यार्थ्यांना वर्गातून उठवून रोग्याच्या खाटेजवळ नेले. तिथले शिकाऊ डॉक्टर रुग्णालयाच्या आवारातच राहत, म्हणून ते रेसिडेंट. पुढे ही पद्धत सगळीकडे रूढ झाली. ग्वाल्हेरचा वॉर्ड असो, मुंबईचे १८४५ सालचे जे. जे. असो की १९६३ साली बेळगावात निघालेले जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय असो, रात्री दोन वाजता सिस्टरने हाक मारली तर उठून येतो तो रेसिडेंटच.

गंमत अशी की जे काम आपल्याकडचे रेसिडेंट व युनिटे पिढ्यान्‌पिढ्या करीत आली, त्याला स्वतंत्र नाव मिळाले ते १९९६ साली, आणि तेही अमेरिकेत. तिथे पूर्वी प्रत्येक कुटुंबाचा डॉक्टर आपला रोगी रुग्णालयात दाखल झाला की सकाळी दवाखाना उघडण्याआधी त्याला पाहून जाई. दुपारी रोग्याचे बिघडले तर डॉक्टर दूर आपल्या दवाखान्यात. रॉबर्ट वॉक्टर आणि ली गोल्डमन या दोन डॉक्टरांनी त्या वर्षी 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन' मध्ये लेख लिहून अशा नव्या डॉक्टरला 'हॉस्पिटलिस्ट' हे नाव दिले. हा डॉक्टर रुग्णालयातच काम करतो आणि दाखल रोगी हाच त्याचा विषय. हृदयाचा डॉक्टर हृदय जाणतो, मूत्रपिंडाचा मूत्रपिंड जाणतो, तसा हा दाखल झालेला संपूर्ण माणूस जाणतो. वीस वर्षांत, म्हणजे २०१६ पर्यंत, अमेरिकेत अशा डॉक्टरांची संख्या पन्नास हजारांवर गेली. आपल्याकडे एम.डी.च्या शाखांत या नावाची वेगळी शाखा नाही. ते काम जनरल मेडिसिनचे डॉक्टर व रेसिडेंट यांच्याकडेच असते.

'दाखल रोगी' हा निराळा विषय कसा, असे कोणाला वाटेल. पण जरा विचार करून पाहा. रुग्णालय हे रोग बरे करण्याचे ठिकाण खरे, तरी त्याचे स्वतःचेही काही धोके आहेत. १८४७ साली व्हिएन्नामध्ये सेमेलवाइस या डॉक्टरने दाखवून दिले, की प्रसूतीच्या वॉर्डातील कितीतरी बायका डॉक्टरांच्या न धुतलेल्या हातांमुळे दगावत होत्या. आजही सतत अंथरुणावर पडून पाठीला जखमा होतात, पायातील शिरेत रक्ताची गुठळी धरते, सलाईनच्या सुईतून जंतू शिरतात, म्हाताऱ्या माणसाला परक्या जागी रात्री भ्रम होतो आणि एका आजारावरचे औषध दुसऱ्या आजाराला बाधते. यांतला एकही धोका हृदयाच्या किंवा पोटाच्या पुस्तकातील एका प्रकरणात बसत नाही. त्यावर नजर ठेवणारा कोणीतरी एक माणूस लागतो.

मला हे सारे कळले ते पुस्तकातून नव्हे. मागच्या उन्हाळ्यात मावशीचे यजमान, आमचे काका, न्यूमोनियाने आजारी पडले. वय बहात्तर, मधुमेह जुना. त्यांना ग्वाल्हेरातीलच एका रुग्णालयात ठेवले होते. त्याचे नाव इथे सांगण्याचे कारण नाही. रात्रीच्या सोबतीला मी असे. छातीचे डॉक्टर आले, हृदयाचे आले, साखरेचे आले, आणि रक्ताच्या तपासणीत मूत्रपिंडाचे आकडे वाढलेले दिसले म्हणून त्याचेही आले. प्रत्येक जण आपापल्या विषयात तज्ज्ञ, प्रत्येकाचे बोलणे सौजन्याचे. पण चौथ्या दिवशी मावशी मला म्हणाली, "अरे, पण ह्यांचे डॉक्टर म्हणायचे तरी कोणाला?" तिला आजाराचे नाव नको होते. सगळे मिळून काय चालले आहे हे सांगणारे एक तोंड तिला हवे होते. एक ना धड भाराभर चिंध्या अशी तिच्या मनाची अवस्था झाली होती.

त्याच रात्री एक प्रसंग घडला. मूत्रपिंडाच्या डॉक्टरांनी संध्याकाळी सांगितले होते की अमुक वेदनाशामक गोळी बंद करा, ती मूत्रपिंडाला चालणार नाही. रात्री पाळी बदलली. काकांची पाठ दुखू लागली तेव्हा नव्याने आलेल्या डॉक्टरांनी दुखण्यावर तीच गोळी लिहून दिली. संध्याकाळची सूचना तोंडी पुढे गेलीच नव्हती. गोळी काकांच्या हातावर पडण्यापूर्वी वॉर्डातील रेसिडेंट डॉक्टर तिथे आल्या. वय असेल सत्तावीस-अठ्ठावीस. त्यांनी फाइल पहिल्या पानापासून चाळली, गोळी परत घेतली आणि फाइलवर मोठ्या अक्षरांत सूचना लिहिली. मग मावशीला म्हणाल्या, "आंटीजी, फाइल मेरे पास है. जो पूछना हो, मुझसे पूछिए." दुसऱ्या दिवसापासून मावशी त्यांनाच विचारू लागली. त्या चौघाही तज्ज्ञांचे म्हणणे एकत्र करून दोन वाक्यांत सांगत. अकराव्या दिवशी काका घरी आले.

इथे आम्हा वाणिज्यवाल्यांचा विषय येतो. हिशेबाच्या वहीत पान उलटताना आपण खाली शिल्लक लिहितो आणि पुढच्या पानावर तीच 'मागील पानावरून' म्हणून मांडतो. ती मांडायची राहिली तर पुढचे सगळे आकडे बरोबर असूनही हिशेब चुकतो. वॉर्डातील पाळी बदलणे म्हणजे असेच पान उलटणे आहे. दिवसाचा डॉक्टर हुशार, रात्रीचा डॉक्टर हुशार, पण मधली शिल्लक पुढे गेली नाही तर नुकसान रोग्याचे. वहीतील चूक आठवड्याने सापडली तरी दुरुस्त होते, इथली तशी होईलच असे नाही.

या पाळीबदलावर मोठे अभ्यास झाले आहेत. अमेरिका व कॅनडातील नऊ रुग्णालयांच्या बालरोग विभागांत एक प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झाले. पाळी सोपवताना रेसिडेंटांनी पाच गोष्टी ठरलेल्या क्रमाने सांगायच्या व लिहायच्या: रोगी किती गंभीर आहे, त्याची थोडक्यात हकीकत, करावयाची कामे, काय बिघडू शकेल व बिघडल्यास काय करायचे, आणि शेवटी ऐकणाऱ्याने आपल्याला काय कळले ते परत म्हणून दाखवायचे. एवढ्या साध्या शिस्तीने १०,७४० दाखल रोग्यांच्या त्या अभ्यासात वैद्यकीय चुका २३ टक्क्यांनी आणि टाळता येण्याजोगे अपाय ३० टक्क्यांनी कमी झाले. नवे औषध नाही, नवे यंत्र नाही, केवळ नीट सांगण्याची सवय.

दुसरा हिशेब खाटांचा. समजा, एका युनिटाकडे तीस खाटा आहेत. तीस दिवसांच्या महिन्यात नऊशे खाट-दिवस झाले. एक रोगी सरासरी सहा दिवस राहिला तर महिन्यात दीडशे रोग्यांना जागा मिळते. तीच सरासरी पाच दिवसांवर आली तर एकशे ऐंशी. एकही नवी खाट न घेता तीस माणसांची सोय झाली! भिंडहून येणाऱ्या मजुराच्या दृष्टीने पाहा. त्याच्याबरोबर आलेल्या भावाची रोजची मजुरी बुडते, जेवणखाण व गाडीभाडे पदरचे. २०१८ साली सुरू झालेल्या आयुष्मान भारत योजनेत पात्र कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंत उपचारांचे संरक्षण मिळते, पण बुडालेल्या मजुरीची भरपाई त्यात नाही. तपासणीचा अहवाल सकाळी आला असता तो संध्याकाळी पाहिला गेला, की एक दिवस फुकट जातो. वॉर्डात हजर असणारा डॉक्टर हा दिवस वाचवतो. मात्र घाईने घरी पाठवलेला रोगी आठवड्याने परत आला तर सारी बचत पाण्यात. म्हणून कोणाला आज सोडायचे व कोणाला उद्या, हे केवळ आकड्यांवरून ठरत नाही. रोज त्याला पाहणाऱ्यालाच ते ठरवता येते.

आपल्या अंकात मराठी विभागाला लागूनच कानडी विभाग असतो, म्हणून भाषेविषयीही लिहितो. ग्वाल्हेरला रोगी येऊन सांगतो, "घबराहट हो रही है." याचा अर्थ काय? एकाचे काळीज धडधडत असते, दुसऱ्याला धाप लागलेली असते, तिसऱ्याला नुसते मळमळत असते, तर चौथा खरोखरच घाबरलेला असतो. आपल्याकडेही 'जीव घाबरा होतो' असे म्हणणाऱ्या आजीला चार प्रश्न विचारल्याशिवाय काही समजत नाही. दुखण्याला मराठीत कळ, ठणका, मुरडा, चमक असे निरनिराळे शब्द आहेत आणि प्रत्येकाचे दुखणे वेगळे. आमच्या गल्लीत एका दारी 'पोटात दुखतंय' तर शेजारच्या दारी 'होट्टे नोवु'. केसपेपर मात्र इंग्रजीत लिहायचा! शिवाय सरकारी महाविद्यालयांतील पदव्युत्तर जागांपैकी निम्म्या अखिल भारतीय कोट्यातून भरल्या जातात. त्यामुळे केरळचा मुलगा ग्वाल्हेरला व बिहारची मुलगी कर्नाटकात रोग्यांची भाषा शिकत असते. स्टेथोस्कोप छातीला लावण्याआधी डॉक्टरला हे भाषांतर करावे लागते. ते चुकले तर पुढच्या तपासण्याही चुकीच्या दिशेने जातात. दोन भाषांत वाढलेल्या आपल्यासारख्या मुलांना याचे महत्त्व अधिक सांगायला नको.

आता या डॉक्टरांच्या स्वतःच्या हालांविषयी. १९८४ साली न्यूयॉर्कमध्ये लिबी झायन नावाची अठरा वर्षांची विद्यार्थिनी रुग्णालयात दाखल झाल्यावर काही तासांतच मरण पावली. ती आधीपासून घेत असलेल्या औषधाशी न जुळणारे औषध तिला दिले गेले होते. तिला पाहणारे रेसिडेंट प्रदीर्घ पाळीवर होते व त्यांच्यावर अनेक रोग्यांचा भार होता. तिच्या वडिलांनी हा प्रश्न धसास लावला. त्यातून १९८९ साली न्यूयॉर्क राज्यात आठवड्याला ८० तास व सलग २४ तास अशी मर्यादा आली आणि २००३ साली आठवड्याच्या ८० तासांची मर्यादा अमेरिकेतील सर्व रेसिडेंटांना लागू झाली. आपल्या केंद्र सरकारचा १९९२ चा आदेश तर याहून उदार आहे. सलग काम सामान्यतः दिवसाला १२ तासांहून अधिक नसावे, आठवड्याला ४८ तास असावे आणि एक साप्ताहिक सुट्टी मिळावी, असे त्यात म्हटले आहे. २०२३ च्या पदव्युत्तर शिक्षणाच्या नियमांत मात्र तासांचा आकडा नाही. 'वाजवी' तास काम व 'वाजवी' विश्रांती एवढेच शब्द आहेत. वाजवी म्हणजे किती, हे कोणी ठरवायचे? आकडा नसलेला करार किती पाळला जातो, हे वाणिज्याच्या विद्यार्थ्याला निराळे सांगावे लागत नाही.

पण इथेच खरा पेच आहे. तास कमी केले की पाळ्या वाढतात, पाळ्या वाढल्या की सोपवासोपवी वाढते, आणि सोपवताना गळती होते हे आपण वर पाहिले. थकलेला डॉक्टर धोक्याचा आणि रोग्याची हकीकत ठाऊक नसलेला ताजातवाना डॉक्टरही धोक्याचा. मग करायचे काय? मला वाटते, माणसाला झोप मिळालीच पाहिजे, याबद्दल वाद नसावा. त्याच्या जोडीला दोन गोष्टी हव्यात. पाळी सोपवण्याची लेखी शिस्त ही एक. आणि प्रत्येक खाटेमागे एका डॉक्टरचे नाव ही दुसरी. 'या माणसाची संपूर्ण हकीकत मला ठाऊक आहे आणि ती मी पुढच्याला सांगेन' असे म्हणणारा तो डॉक्टर असावा. युनिटाच्या जुन्या पद्धतीत हे बीज आहेच. जिथे निरनिराळे तज्ज्ञ येऊन पाहून जातात आणि युनिट असे काही नसते, तिथे ते मुद्दाम पेरावे लागेल.

आपल्याही हातात काही आहे. घरचे कोणी दाखल झाले तर पहिल्याच दिवशी विचारावे, "यांची एकूण जबाबदारी कोणत्या डॉक्टरांकडे आहे?" हे विचारण्यात उद्धटपणा नाही. चालू असलेल्या सर्व औषधांची नावे एका कागदावर लिहून न्यावीत. एखादे औषध पूर्वी बाधले असेल तर ते सर्वांत वर लिहावे. दहा नातेवाइकांनी दहा वेळा विचारण्यापेक्षा घरातील एकाने बोलावे. घरी सोडताना मिळणारे कार्ड जपून ठेवावे, कारण पुढच्या डॉक्टरच्या दृष्टीने तीच मागील पानावरची शिल्लक असते.

आपल्या वर्गमैत्रिणींचे भाऊ, शेजारची मुले वैद्यकीय महाविद्यालयात जातात तेव्हा आपण विचारतो, "पुढे कशात स्पेशालिस्ट होणार?" हृदयाचा म्हटला की आपण माना डोलावतो. एखाद्याने "वॉर्डात राहीन, दाखल झालेल्या माणसांना पाहीन" असे सांगितले, तर त्याला काही मिळाले नाही असे आपल्याला वाटते. ही समजूत आपण बदलली पाहिजे. मोठी इमारत, महागडी यंत्रे, नामांकित तज्ज्ञ हे सगळे हवेच. पण रात्री दोन वाजता फाइल पहिल्या पानापासून वाचणारे कोणी नसेल, तर त्या सगळ्याचा रोग्याला उपयोग किती?